कोचचा लाइक आणि कॉलेजची जागा

अमेरिकेतल्या एखाद्या सतरा वर्षांच्या फुटबॉलपटूचं ‘एक्स’वरचं खातं उघडून पाहावं. फुटबॉल म्हणजे अर्थात त्यांचा, हेल्मेटवाला. नावाखाली दोन ओळी असतात: २०२७ची बॅच, उंची सहा फूट दोन इंच, वजन दोनशे दहा पौंड, जागा लाइनबॅकर, जीपीए ३.६, शाळेच्या कोचचा संपर्क आणि शेवटी ‘हडल’ या खेळांच्या व्हिडिओ साइटची लिंक. सगळ्यात वर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ डकवलेला. त्यात डाव सुरू होण्याआधी चित्र क्षणभर थांबतं, या मुलाभोवती लाल गोल उमटतो, मग खेळ पुढे सरकतो. खाली एक-दोन पोस्ट, ‘अमुक विद्यापीठाकडून ऑफर आली, धन्य झालो’ अशा थाटाच्या. आपल्याकडच्या वधूवर सूचक मंडळातला बायोडेटा आठवावा इतका हा मजकूर साचेबंद असतो आणि त्याचा हेतूही फारसा वेगळा नसतो. बघायला या, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

हे खातं म्हणजे खेळाडूचा ब्रँड, तो जितका चमकेल तितकी कॉलेजं मागे लागतील, असा सल्ला अमेरिकेत सर्रास दिला जातो. मुलाला तिकडे टेनिस किंवा स्क्वॉशच्या शिष्यवृत्तीवर पाठवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पालकांच्या कानावरही तो येऊ लागला आहे. माझ्या मते हा सल्ला गाडी उलटी जुंपतो. सोशल मीडिया खेळाडूची निवड करून देत नाही. निवड करणाऱ्याला तो दोन गोष्टी देतो. आधी पत्ता, आणि नंतर घरात डोकावायला खिडकी. मधलं सगळं काम खेळ, घड्याळ आणि मार्कशीट यांचंच राहतं. हे पटायला या माध्यमाला तिथे इतकं महत्त्व कशामुळे आलं ते पाहावं लागतं, आणि त्याचं मूळ तंत्रज्ञानापेक्षा नियमपुस्तकात सापडतं.

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडेचा मोठा कारभार एनसीएए ही संघटना पाहते. तिची सुमारे अकराशे सदस्य कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये वाटलेली आहेत. कोणत्या कोचने कोणत्या इयत्तेतल्या मुलाशी कधी आणि कसं बोलावं, याचे तिचे नियम भलतेच बारकाईचे. २००७ मध्ये तिने कोचना मुलांना एसएमएस पाठवायलाच बंदी केली. त्या काळी तिकडे येणाऱ्या मेसेजलाही पैसे पडत आणि वेळीअवेळी धडकणाऱ्या मेसेजनी मुलं वैतागली होती. गंमत अशी, की ईमेल आणि फॅक्स चालत होते. फेसबुकवरचा खासगी निरोप ईमेलमध्ये धरला जाई, पण तोच मजकूर मुलाच्या वॉलवर लिहिला तर नियमभंग. पुढे एकेका खेळात ही बंदी उठत गेली आणि ऑगस्ट २०१६ पासून कोचना मुलांच्या पोस्ट लाइक आणि शेअर करायची मुभा मिळाली. जाहीर कमेंट मात्र करायची नाही. अंगठा दाखवा, अक्षर लिहू नका, असा तो नियम.

पहिल्या डिव्हिजनच्या बहुतेक खेळांत कोचला मुलाशी थेट संवाद सुरू करता येतो तो मुलाची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. काही खेळांत ही तारीख १ ऑगस्ट किंवा १ सप्टेंबर आहे. त्याआधी पंधरा वर्षांच्या मुलीने पाठवलेला ईमेल कोच वाचू शकतो, पण तिच्या निवडीबद्दल अवाक्षर लिहू शकत नाही. शिबिराचं पत्रक किंवा माहितीचा फॉर्म तेवढा पाठवू शकतो. मग तो तिचं खातं फॉलो करतो, एखाद्या सामन्याच्या व्हिडिओला लाइक देतो. तोंडाला कुलूप असलेल्या माणसाने खिडकीतून हात हलवावा, तसं. या मुक्या काळात सोशल मीडियाला जे वजन आलं ते असं आलं. तिसऱ्या डिव्हिजनच्या कोचना हे बंधन जवळपास नाही. तिथे साधा ईमेलच आजही बरंच काम करून जातो.

आता आकडे. अमेरिकेच्या शाळांमधून खेळणाऱ्या मुलामुलींची संख्या सुमारे ८० लाख भरते, तर एनसीएएच्या सगळ्या डिव्हिजन मिळून खेळाडू पाच लाखांच्या थोडे वर. एवढ्या रेट्यात कोच कुणाला शोधत बसत नाही, तो गाळत बसतो. उंची, वजन, बॅच, गुण बायोमध्ये लिहायचे ते त्याची गाळणी लवकर चालावी म्हणून. व्हिडिओत पहिल्या अर्ध्या मिनिटात काही दिसलं नाही तर तो पुढच्या मुलाकडे वळतो. त्याला संगीत नको असतं, स्लो मोशन नको असतं. व्हॉलीबॉल असेल तर कोर्टाच्या मागच्या बाजूने, सगळे खेळाडू दिसतील असं चित्रण हवं. टेनिस असेल तर बेसलाइनच्या मागून घेतलेले सलग गेम, हरलेल्या गुणांसकट. निवडक फटक्यांची रील कुणीही बनवू शकतं. चूक झाल्यावर पुढच्या पॉइंटला मुलगी कशी उभी राहते, हे कोचला बघायचं असतं आणि नेमकं तेच रीलमधून कापलेलं असतं.

शिवाय सगळे खेळ सारखे नाहीत. पोहणं आणि ॲथलेटिक्समध्ये घड्याळ आणि टेप बोलतात. शंभर मीटर फ्रीस्टाइलची वेळ चार सेकंदांनी जास्त असेल तर दहा हजार फॉलोअर ती भरून काढत नाहीत. टेनिसमध्ये यूटीआर हे जागतिक मानांकन आहे आणि कोच आधी तोच आकडा बघतो. भारतीय खेळाडू अमेरिकी कॉलेजांत गेले आहेत ते मुख्यतः अशाच मोजता येणाऱ्या खेळांतून. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएची एकेरी जिंकली. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ मध्ये उंच उडीचा विजेता झाला. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. पहिल्या डिव्हिजनच्या टेनिसमध्ये आज निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. हे कोच इन्स्टाग्राम चाळत जगभर फिरत नाहीत. मानांकनाची यादी आणि निकाल पाहतात, आणि नाव सापडलं की मग खातं उघडतात. फुटबॉल, सॉकर, व्हॉलीबॉल यांत असा एकच आकडा नसतो, म्हणून तिथे व्हिडिओचं आणि पर्यायाने खात्याचं महत्त्व वाढतं, इतकाच फरक.

लाइकचा अर्थ लावताना तर घराघरांत घोळ होतो. लाइक म्हणजे ऑफर नाही आणि तोंडी ऑफर म्हणजे जागा नाही. ती दोन्ही बाजूंना बांधील नसते. एकाच जागेसाठी कोच अनेकांना तोंडी ऑफर देतो, आणि पहिल्याने होकार कळवला की उरलेल्यांच्या ‘धन्य झालो’ पोस्ट तशाच लटकत राहतात. पूर्वी निदान नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद होता. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला, आणि आता शिष्यवृत्तीचा करार सही होईपर्यंत हातात काही नसतं. त्यात जागाही आक्रसल्या आहेत. २०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल आल्यामुळे दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं मुरलेला खेळाडू कोचला आयता मिळतो. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा लागू झाली. फुटबॉलला १०५, बेसबॉलला ३४, टेनिसला १०. पोस्ट वाढतात, खुर्च्या वाढत नाहीत.

खिडकीची बाजू अधिक गंभीर आहे, कारण खात्यामुळे मिळण्यापेक्षा हातचं जाण्याचीच उदाहरणं जास्त ठसठशीत आहेत. २०१२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका नावाजलेल्या शाळकरी फुटबॉलपटूला आक्षेपार्ह ट्वीटमुळे शाळेने काढून टाकलं आणि त्याच्या मागे असलेल्या एका बड्या विद्यापीठाने हात काढून घेतला. २०१४ मध्ये पेन स्टेटचे तेव्हाचे कोच हर्ब हँड यांनी, सोशल मीडियावरचं वागणं पाहून एका मुलाचं नाव यादीतून उडवल्याचं स्वतःच ट्वीट करून सांगितलं. पंधराव्या वर्षी लिहिलेल्या मूर्खपणाची शिक्षा अठराव्या वर्षी देणं न्याय्य आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्येच कायदा करून, विद्यार्थ्याकडे त्याच्या खात्याचा पासवर्ड मागायला कॉलेजांना बंदी घातली. पण जे जाहीर लिहिलं आहे ते वाचायला कुठलाच कायदा अडवत नाही, आणि चार वर्षं ज्याच्यावर पैसा लावायचा त्याचं जाहीर वागणं कोच बघणारच. उलट, खात्यावर दिसतं ते खरंच असेल असंही नाही. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात विल्यम सिंगर या दलालाने श्रीमंतांच्या मुलांची खोटी खेळाडू-कुंडली बनवून, काहींचे चेहरे खऱ्या खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवून, नामांकित विद्यापीठांत जागा मिळवल्या. अर्थात त्यात काही कोच विकत घेतलेले होते. अशा प्रकारांनंतर शहाणा कोच चित्रावर न थांबता शाळेला फोन करतो.

यावर एक हरकत हमखास येते. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या कॅव्हिंडर जुळ्या बहिणी यांनी फॉलोअरच्या जोरावर मोठी कमाई केली. मग फॉलोअर हीच लायकी झाली ना? कमाईपुरतं हे खरं आहे. पण डन त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघात होती, आणि कॅव्हिंडर बहिणी फ्रेस्नो स्टेटच्या पहिल्या डिव्हिजनच्या संघातून खेळत होत्या. खेळाने दार उघडलं, कमाई दाराच्या आत झाली. भारतीय मुलांसाठी तर हा मोह आणखीच पोकळ आहे. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामावर कडक बंधनं आहेत आणि अशा जाहिरातींच्या करारांनी व्हिसा धोक्यात येऊ शकतो. ब्रँडच्या भाषेत बोलणारा सल्लागार हे सहसा सांगत नाही.

दुसरी हरकत मला अधिक मोलाची वाटते. ज्याला महागड्या निवड स्पर्धांना जाणं परवडत नाही, ज्याच्या गावात कुठलाच स्काउट फिरकत नाही, त्या मुलाला फोनवरचा व्हिडिओ हाच एक रस्ता आहे, मग त्याला का हिणवता? हिणवायचं नाहीच. पत्ता म्हणून खात्याची किंमत सगळ्यात जास्त याच मुलाला आहे, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. माझी तक्रार आहे ती हाच फुकटचा पत्ता पॅकेज करून विकणाऱ्यांबद्दल. एडिट केलेली रील, ग्राफिक, आठवड्याला ठरावीक पोस्ट असं सगळं दिलं जातं, आणि बिल लाखात जातं. त्या पैशात दोन चांगल्या स्पर्धा खेळून होतात, आणि मानांकन बदलतं ते स्पर्धेने.

तेव्हा ज्या घरात हा विचार चालू असेल त्यांनी खात्यावर एक स्वच्छ बायो आणि एक न कापलेला सामना ठेवावा, आणि उरलेला वेळ कागदांना द्यावा. पहिल्या डिव्हिजनसाठी सोळा ठरावीक विषय आणि किमान २.३ जीपीए लागतो, आणि हिशेब नववीपासून धरला जातो. आवडीच्या वीस-पंचवीस कोचना प्रत्येकाच्या संघाचा निकाल वाचून वेगळा ईमेल लिहावा, सगळ्यांना एकच चिकटवू नये. आणि आपल्या खेळात कोचला संवादाची मुभा मिळते ती तारीख एनसीएएच्या संकेतस्थळावर बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवावी. त्या तारखेआधी उत्तर आलं नाही, तर तो नकार नसतो. कोचला तोवर उत्तर द्यायला मनाई असते.