दंडावरचा झेंडा कोणासाठी?

अमेरिकन सैनिकाचे छायाचित्र पाहण्यात आले, तर त्याच्या उजव्या दंडावरचा झेंडा जरा निरखून पाहा. तो उलटा शिवल्यासारखा वाटतो. एरवी अमेरिकेच्या झेंड्यातला चांदण्यांचा निळा चौकोन पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो. सैनिकाच्या उजव्या दंडावर मात्र तो उजवीकडे गेलेला दिसतो. छायाचित्र उलटे छापले गेले, असे काहींना वाटते; काहींना तो झेंड्याचा अपमान वाटतो. यांपैकी काहीच खरे नाही. अमेरिकन लष्कराच्या गणवेशाच्या नियमावलीतच तसे लिहिलेले आहे.

कारण साधे आहे. हातात झेंडा घेऊन एक सैनिक पुढे धावतो आहे, असे डोळ्यांसमोर आणा. चांदण्यांची बाजू काठीला बांधलेली, म्हणून ती पुढे राहणार आणि पट्टे वाऱ्याने मागे फडफडणार. आता त्या सैनिकाकडे त्याच्या उजव्या अंगाने पाहिले, तर चांदण्या आपल्याला उजवीकडेच दिसतील. झेंडा नेहमीसारखा शिवला, तर तो मागे हटतो आहे असे वाटेल, आणि ते कोणत्या सैन्याला आवडेल? अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या विमानाच्या शेपटीवरही उजव्या बाजूला झेंडा असाच रंगवलेला असतो. आपल्या तिरंग्यापुढे ही अडचण नाही. पट्टे आडवे आणि मधले चक्र सगळीकडून सारखे. केशरी रंग वर असला की झाले.

पण मुळात गणवेशावर झेंडा कशाला? सैनिकाला अभिमान वाटावा म्हणून, असे उत्तर आपण चटकन देतो. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. इतिहास पाहिला, तर हा झेंडा अंगावर घालणाऱ्यापेक्षा समोरच्याने वाचावा म्हणून आला, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धातली उदाहरणे घ्या. चिनी सैन्याच्या बाजूने लढणारे ‘फ्लाइंग टायगर्स’ हे अमेरिकन वैमानिक आपल्या जाकिटाच्या पाठीवर चीनचा झेंडा आणि चिनी भाषेतला मजकूर शिवून घेत. हा परदेशी माणूस तुमच्या मदतीला आला आहे, त्याला सांभाळा, असा त्याचा आशय. विमान पाडले गेले आणि वैमानिक एखाद्या खेड्यात उतरला, तर तिथल्या शेतकऱ्याने ते वाचायचे होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन फौजा मोरोक्को आणि अल्जीरियात उतरल्या, तेव्हा अनेकांच्या बाहीवर झेंडा होता. किनाऱ्यावरचे फ्रेंच सैनिक ब्रिटिशांवर गोळ्या झाडतील, पण अमेरिकनांवर कदाचित झाडणार नाहीत, हा त्यामागचा हिशोब. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत छत्रीने उतरलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांच्या उजव्या बाहीवरही झेंडा होता.

झेंडा चुकीचा वाचला गेला तर काय होते, याचे उदाहरण १९५६ चे. सुएझच्या संघर्षानंतर संयुक्त राष्ट्रांनी इजिप्तमध्ये शांतिसेना पाठवायचे ठरवले. तिची कल्पना मांडण्यात कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन पुढे होते. पण कॅनडाचे पायदळ घ्यायला इजिप्त राजी होईना. त्या सैनिकांचे गणवेश ब्रिटिशांसारखे आणि झेंड्याच्या कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक. नुकताच ज्यांनी हल्ला केला, त्यांच्यासारखे दिसणारे लोक शांतिरक्षक म्हणून कसे चालतील? शांतिसैनिक ओळखू यावेत म्हणून निळी शिरस्त्राणे आली ती याच मोहिमेत. पिअर्सन पुढे पंतप्रधान झाले आणि १९६५ मध्ये कॅनडाने मेपलच्या पानाचा नवा झेंडा स्वीकारला. त्यामागे इतरही कारणे होती, पण सुएझचा अनुभव हे त्यांतले एक.

अमेरिकेत गणवेशावर झेंड्याचा बिल्ला लावायला झेंड्याच्या संहितेने १९७६ मध्ये स्पष्ट मुभा दिली. बरीच वर्षे लष्करात तो प्रामुख्याने परदेशातल्या मोहिमांवर लावला जाई. २००३ मध्ये तो सर्वच सैनिकांसाठी आला. यावर दोन मते पडतात. मायदेशातल्या छावणीत झेंड्याची गरज काय, छातीवर लष्कराचे नाव असतेच की, असे एक मत. देश युद्धात असताना प्रत्येक सैनिक मोहिमेवरच असतो, असे दुसरे. रंगावरूनही वाद आहे. लाल-पांढरा-निळा झेंडा रानात लांबून दिसतो, म्हणून रणभूमीवर मातकट रंगाचा झेंडा वापरतात. रंगच गेले तर तो झेंडा कसला, असे म्हणणाऱ्यांची भावना मला समजते. पण सैनिकाचा जीव झेंड्याच्या रंगापेक्षा मोलाचा, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे कायदा अधिक कडक आहे. अमेरिकेची संहिता शिक्षा सांगत नाही. आपल्या १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २००५ च्या दुरुस्तीने नियम असा झाला की, कमरेखाली घालायच्या कोणत्याही पोशाखात तिरंगा वापरायचा नाही. उशा, रुमाल, अंतर्वस्त्रे यांवर तो भरायचा किंवा छापायचा नाही. कमरेच्या वर तो सन्मानाने लावता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर गेलेल्या आपल्या जवानांच्या बाहीवर तो दिसतो. अनोळखी गावातल्या माणसाला तो सांगतो की, हे लोक भारताचे आहेत.

आणि झेंडा मुद्दाम काढून टाकला तर? २०१४ मध्ये क्रिमियात हिरव्या गणवेशातले सशस्त्र लोक अवतरले. अंगावर झेंडा नाही, देशाची कसलीही खूण नाही. ही स्थानिक स्वसंरक्षण दले आहेत, असे रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी मार्चमध्ये सांगितले. तिथे रशियन सैनिक होते, हे त्यांनी एप्रिलमध्ये मान्य केले. दरम्यान द्वीपकल्प युक्रेनच्या हातून गेला होता. शत्रूच्या झेंड्याचा आणि गणवेशाचा गैरवापर करायला १९०७ च्या हेग नियमांनी मनाई केली आहे. सैनिकाने झेंडा लावलाच पाहिजे, असे मात्र आंतरराष्ट्रीय कायदा म्हणत नाही. तो सामान्य नागरिकापेक्षा वेगळा ओळखू यावा, एवढीच अपेक्षा आहे.

तरीही मी झेंड्याच्या बाजूचा आहे. तो उजवीकडे असावा की डावीकडे, रंगीत की मातकट, हे लष्कराने ठरवावे. बंदूक घेतलेला माणूस दारात उभा राहिला, तर तो कोणाचा आणि त्याच्या वागण्याचा जाब कोणत्या देशाला विचारायचा, हे घरातल्या माणसाला कळले पाहिजे. दोन-तीन इंचांचे ते कापड एवढे काम करते.