व्हान डुटेकम यांचे ताम्रपट आणि सोळाव्या शतकातील कोकण

सोळाव्या शतकातील कोकणच्या समाजजीवनाचा पुरावा म्हणून लिन्शोटन या डच प्रवाशाच्या ‘इतिनेरारिओ’ (अ‍ॅम्स्टरडॅम, १५९६) मधील चित्रे वारंवार पुढे केली जातात. ती कोरणारे हात मात्र लिन्शोटनचे नव्हेत. गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून तो १५८३ पासून सुमारे पाच वर्षे येथे राहिला. त्याच्या रेखाटनांवरून ताम्रपट सिद्ध केले ते योहानेस (धाकटा) व बाप्टिस्टा व्हान डुटेकम या भावांनी, आणि तेही हिंदुस्थान न पाहता.

हे घराणे मूळचे डेव्हेंटरचे, पुढे हार्लेमला स्थायिक झालेले. त्यांचे वडील योहानेस व चुलते लुकास यांनी एक विशेष तंत्र साधले होते. तांब्याच्या पत्र्यावर आम्लरोधक थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, आम्लाने त्या खाऊ द्यायच्या. पण ठसा असा उमटवायचा की रेघ कोरणीनेच कोरली आहे असे जाणकारालाही वाटावे. नकाशांच्या कामात या कौशल्याला मोठी मागणी होती. बाप्टिस्टाने कोरलेला गोवा शहराचा विस्तृत आराखडा त्याचीच साक्ष देतो.

नकाशातील ही विश्वसनीयता माणसांच्या चित्रांना तशीच लागू करता येत नाही. गोव्याचा बाजार, कानडी व दख्खनी लोक, सती जाणारी स्त्री या चित्रांत तपशील लिन्शोटनचा असला, तरी देहांची ठेवण व वस्त्रांच्या चुण्या युरोपीय चित्रसंकेतांतल्या आहेत. देवळातील मूर्ती तर चक्क शिंगे असलेला सैतान! पेणच्या मूर्तिशाळेत डोळ्यांची आखणी करणाऱ्याला देव ओळखीचा असतो. हार्लेमच्या कोरक्याला तो ऐकीव होता. पुढे द ब्राय बंधूंच्या प्रवाससंग्रहातून याच प्रतिमा युरोपभर पसरल्या.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, त्या चौलचे वर्णनही लिन्शोटनने केले आहे. तेथे त्याचा आधार शब्दांचा आहे, म्हणून मराठी अभ्यासकाने चित्रापेक्षा मजकुराला अधिक वजन द्यावे. याच संदर्भात फादर स्टीफन्सची आठवण अपरिहार्य ठरते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने लिन्शोटनच्या साहाय्याने राल्फ फिच व त्याच्या सोबत्यांच्या सुटकेसाठी खटपट केली होती. दोघेही परके, दोघांनी पाहिलेला प्रदेश एकच. परंतु लिन्शोटनची रेखाटने डुटेकमांच्या हाती गेली; स्टीफन्स येथेच राहिला, येथील भाषा शिकला आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत, पण मराठी ओवीत छापले गेले.