भाड्याच्या घरातली मोटर आणि आयकर

ऊस नोंदणीसाठी गटात फिरत असताना एका सभासद बंधूंनी आमच्यापुढे पावत्यांची पिशवी ओतली. मुलांच्या शिक्षणासाठी सोलापुरात विजापूर रोडला घर बांधले. मुले नोकरीला लागली, घर भाड्याने दिले. यंदा पाण्याची मोटर जळाली, गीझर गेला, पंखे बदलले. म्हणाले, "साहेब, वीस हजार गेले. हे भाड्यातून वजा घालतो." आम्ही पडलो शेतकीचे माणूस. म्हणून जाणकारांना विचारून हे लिहीत आहोत.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाच्या उत्पन्नाला आयकर नाही, पण घरभाड्याला आहे. भाड्यातून आधी त्या वर्षी आपण स्वतः भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट मिळते. ही सूट उक्ती आहे. तोडणी उक्ती दिली की माणसे चार लावा की सहा, रक्कम ठरलेलीच, तसेच हे. मोटर बदला नाही तर बदलू नका, सूट तेवढीच. घरासाठी कर्ज असेल तर त्याचे व्याज वेगळे वजा होते. १९६१ चा कायदा आणि १ एप्रिल २०२६ पासूनचा २०२५ चा नवा कायदा, दोन्हींत ३० टक्केच आहेत.

समजा, वर्षाचे भाडे ९६,००० रुपये, घरपट्टी ६,०००. राहिले ९०,०००. त्याचे ३० टक्के २७,०००. करासाठी धरायचे ६३,०००. मोटरची पावती यात कुठेच येत नाही. तरी वजा दाखवली, तर पुढे कर, व्याज आणि दंडही मागे लागू शकतो.

एक वाट आहे. फ्रिज, कपडे धुण्याचे मशीन खरोखर भाड्याने दिले असेल आणि करारात त्याचे भाडे वेगळे लिहिले असेल, तर ते 'इतर उत्पन्न' धरतात. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा होतो. नव्या वस्तूची किंमत मात्र एकदम नव्हे, दरसाल घसारा म्हणून थोडी थोडी.

आणखी एक ध्यानात ठेवावे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेवर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही मोजतात.

तेव्हा घरपट्टी ३१ मार्चच्या आत भरावी, पावती जपावी.

त्या बंधूंनी पिशवी गुंडाळली. म्हणाले, "म्हणजे सूट उक्ती, तर मोटर जळू न देण्यातच आपला फायदा." आम्हालाही तेच सांगायचे होते.