वादळाच्या दुसऱ्या दिवशी

पहाटे साडेपाच. रात्री वादळ येऊन गेलं की चंद्रपुरात झाडकटाईच्या मुकादमाचा फोन उजाडायच्या आत वाजायला लागतो. मे सरता सरता, रोहिणीच्या सुमाराला, दिवसभर तापलेली हवा संध्याकाळी एकाएकी उठते आणि अर्ध्या तासात गुलमोहर, पीतमोहर, निलगिरी आडवे पाडून जाते. फोन करणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच असतं, 'लवकर या जी, झाड पडलं.' जाणता मुकादम उलट प्रश्न विचारतो. कुणाला लागलं का? तार तुटली का? झाड जमिनीवर आहे, की कशावर टेकून आहे? आणि शेवटी, झाड कशाचं?

हा शेवटचा प्रश्न पैशाचा. आपल्याकडे जुनी रीत अशी की कापणारा लाकूड घेऊन जातो आणि त्या बदल्यात मजुरी कमी लावतो. कडुलिंब किंवा बाभूळ पडली तर तो हसत येतो. गुलमोहराच्या लाकडाला गिऱ्हाईक नाही, म्हणून तिथे दर चढतो. घरमालकाला वाटतं, वादळाचा फायदा घेतोय. खरं तर दोघेही लाकडाचाच हिशेब करत असतात, फक्त तो बोलून दाखवत नाहीत.

साडेसहा. कुठे आधी जायचं ते ठरतं. मोकळ्या आवारात आडवं झालेलं झाड संध्याकाळपर्यंत थांबू शकतं. पत्र्यावर टेकलेलं, खाली माणसं राहत असलेलं झाड थांबू शकत नाही. मूलच्या किंवा गडचिरोलीच्या रस्त्यावर, जंगलपट्ट्यात पडलेली झाडं शहरातल्या कापणाऱ्यांच्या वाट्याला सहसा येत नाहीत. तिथे वनखातं, बांधकाम खातं आणि बहुतेक वेळा त्यांच्याही आधी जवळच्या गावातले लोक कुऱ्हाडी घेऊन पोचलेले असतात.

साडेसात. जागेवर पोचल्यावर चांगला माणूस आधी काहीच करत नाही. झाडाभोवती फिरतो, वर बघतो, मुळं बघतो. घरमालकाची चुळबुळ सुरू होते. 'थांबा ना भाऊ, पहिले तार पाहू द्या.' महावितरणच्या 1912 वर तक्रार गेलेली असते, पण त्या सकाळी सगळं शहरच तो नंबर लावत असतं. शेजाऱ्याने 'लाईट गेली आहे' म्हटलं, एवढ्यावर शिडी लावायची नसते. लाईट केव्हाही परत येऊ शकते. कुणाच्या चुकीच्या जोडलेल्या जनरेटरमधून तारेत उलटा प्रवाहही येऊ शकतो. लाईनमन स्वतः येऊन लाईन बंद करतो, तोवर चहा. या तासाभराचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात. मला विचाराल तर दिवसातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

नऊ ते साडेअकरा. आता मशीन सुरू होते. उभं झाड पाडण्यापेक्षा पडलेलं झाड कापणं जास्त धोक्याचं, हे बघणाऱ्याला पटत नाही. वाकून अडकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. ताणाच्या बाजूने एकदम करवत घातली की ती फाटते आणि उसळून अंगावर येते. म्हणून आधी दबलेल्या बाजूला थोडा काप, मग ताणाच्या बाजूला हळूहळू. मोठी फांदी दोराने बांधून खाली सोडायची, नाहीतर वाचलेला पत्राही जातो. आणि मुळासकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की वजन सुटलेला बुंधा मातीसकट परत खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात बघायला उतरलेली पोरं हाकलणं हे मुकादमाचं कामच असतं.

बारा ते चार. वादळानंतरचं ऊन दमट आणि जास्त वाईट. काम थांबतं, डबे सुटतात, गोष्टी निघतात. 31 ऑगस्ट 2024 ला गोदावरीपलीकडे, तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ताडवाईच्या जंगलात एका वादळाने 50 हजारांवर झाडं लोळवली. सम्मक्का-सारक्काच्या जत्रेला मेडारमला जाणाऱ्या सिरोंच्याकडच्या लोकांना तो भाग चांगला ओळखीचा. इतका वारा सुटला तर कुणाचाच इलाज नाही. पण शहरातली बरीच झाडं त्याहून कितीतरी कमी वाऱ्यात पडतात. नालीसाठी एका बाजूची मुळं तोडलेली, बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक. वादळ येण्याआधीच त्याचं निम्मं काम माणसाने केलेलं असतं.

साडेचार. लाकूड भरायची वेळ, आणि कागदाचीही. महापालिकेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, म्हणून झाड पडलेलं असलं तरी फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्याला कळवलेलं बरं. हद्दीबाहेर खासगी जमिनीवर 1964 चा झाडतोडीचा कायदा. त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, जांभूळ अशी झाडं आहेत. परसातला साग वाऱ्याने पडला म्हणून त्याच्या पाट्या टेम्पोत घालून निघता येत नाही. वाहतूक परवाना लागतो, आणि सागाच्या या मुलखात नाक्यावरचा वनरक्षक तो मागणारच.

साडेपाच. आता शेजारी येतात. 'आमच्याही कडुलिंबाचा शेंडा उडवून द्या, उद्या पडायचा.' इथे माणसाची खरी परीक्षा. लाकूड त्याचं ठरलं असेल तर तो नाही कशाला म्हणेल? शेंडा उडवलेलं झाड वरून कुजायला लागतं. तिथून फुटणाऱ्या नव्या फांद्यांचा जोड कमकुवत असतो, आणि काही वर्षांनी अशाच एखाद्या वादळात त्या तुटतात. वाळलेली, तडकलेली फांदी काढायची असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, आणि उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला न दुखवता काढायचा. जखमेवर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरत नाही, ती आतून कोंडून टाकतं.

म्हणून सौदा करताना मजुरी वेगळी ठरवा आणि लाकूड वेगळं. वर चढणाऱ्याकडे पट्टा आणि हेल्मेट आहे का, अपघात झाला तर खर्च कुणाचा, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा. आणि तारा न बघता जो थेट मशीन सुरू करतो, तो कितीही स्वस्त असला तरी त्याला परत पाठवा.