गालिच्यावरची नखं

घरातलं मांजर : भाग ९

दिवाणखान्यातला गालिचा एकदा उलटा करून झटकून पाहा. घरात मांजर असेल तर धूळ आणि केसांबरोबर चंद्रकोरीच्या आकाराचे, आतून पोकळ, अर्धपारदर्शक तुकडे खाली पडतील. नख तुटलं असं समजून घाबरून जाणारे अनेकजण मला दवाखान्यात भेटतात. घाबरायचं कारण नाही. ती नखाची जुनी टरफलं असतात. मांजराचं नख आतून नवं येत राहतं आणि बाहेरचा जुना थर सुटा होतो. मागच्या पायांची टरफलं मांजर दातांनी ओढून काढतं, पुढच्या पायांसाठी मात्र त्याला काहीतरी खरखरीत आणि पक्कं लागतं. घरात दुसरं काही नसेल तर ते गालिच्याकडेच वळणार.

टरफल काढणं हे एकच कारण नाही. मांजराच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. ओरबाडताना तिथला वास धाग्यांत उतरतो आणि उसवलेल्या खुणा डोळ्यांनाही दिसतात. ‘ही जागा माझी’ असं मांजर दोन्ही मार्गांनी सांगून ठेवतं. म्हणूनच कोपऱ्यात पडलेली जुनी चटई सोडून ते नेमकं दाराजवळचं किंवा सोफ्यापुढचं, म्हणजे घरातल्या वर्दळीचं ठिकाण निवडतं. शिवाय झोपेतून उठल्यावर पुढचे पाय लांबवून, पाठ ताणून नखं रोवली की अंग मोकळं होतं. दुपारच्या झोपेनंतरची पाच मिनिटं लक्ष ठेवा, तुमच्या मांजराची आवडती जागा कळेल.

ही इतकी मूळची गरज असल्यामुळे ओरडून, फटका देऊन किंवा तोंडावर पाणी उडवून ती जात नाही. मांजर एवढंच शिकतं की तुम्ही समोर असताना हे करायचं नाही. तुमच्याविषयी मनात भीती बसते ती वेगळीच. मला वाटतं, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घरातून काढून टाकणं ही पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे त्याला गालिच्यापेक्षा चांगली जागा देणं. इथे बहुतेक घरांत एक चूक होते. दुकानातून उभा खांब आणला जातो, मांजर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि ‘आमच्याकडे याचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. काही मांजरांना उभं ओरबाडायला आवडतं, काहींना आडवं. गालिच्यावर नखं चालवणारं मांजर स्वतःची आवड दाखवूनच देत असतं, तेव्हा त्याला आडवीच जागा द्या. आपल्याकडे त्यासाठी महागडी वस्तू लागत नाही. काथ्याचं जाड पायपुसणं घ्या आणि वजनदार फळीवर घट्ट बसवा. खिळ्याचं टोक कुठेही वर राहता कामा नये. मांजर पूर्ण ताणून आडवं होईल इतकी, साधारण अडीच ते तीन फूट लांब फळी हवी. ओढल्यावर ती सरकली तर मांजर पुन्हा तिला शिवणार नाही, म्हणून खाली रबर लावा.

दोन्ही प्रकार आवडणारं मांजर असेल तर लाकडी खांबाला सुंभ गुंडाळा. वेढे एकमेकांना चिकटून हवेत, मध्ये फट राहिली तर नख अडकतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार हजारांहून अधिक मांजरपालकांनी माहिती दिली होती. दोरी गुंडाळलेला, तीन फूट किंवा त्याहून उंच, साधा उभा खांब मांजरं जास्त वापरतात असं त्यात दिसलं. तिथे ओरबाडल्यावर शाबासकी मिळणाऱ्या मांजरांचा वापरही जास्त होता.

ही फळी बाल्कनीत ठेवू नका. गालिचा जिथे उसवला आहे, नेमकी तिथेच ठेवा. मांजर तिच्यावर नखं चालवू लागलं की लगेच, त्याच क्षणी, आवडता खाऊ द्या. त्याचे पाय धरून फळीवर घासायला लावू नका, त्याने ते बिचकतं. नियमित वापर सुरू झाल्यावर फळी रोज थोडीथोडी हलवत तुम्हाला सोयीच्या जागी न्या. दरम्यान गालिच्याच्या त्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा किंवा गालिचा सरळ गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात दमटपणामुळे तो तसाही गुंडाळला जातो, तेव्हा नव्या सवयीसाठी तेच दिवस उत्तम. नवा गालिचा घेणार असाल तर धाग्यांचे फासे वर आलेला प्रकार टाळा. त्यात नख अडकून खेचलं जातं आणि मांजराला नेमकं तेच हवं असतं. सपाट विणीची सतरंजी त्यामानाने टिकते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. मांजर लांब राहावं म्हणून गालिच्याखाली डांबरगोळ्या ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. नॅफ्थलीनने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फिनेलचंही तसंच. त्यातली रसायनं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. टी ट्री किंवा लिंबाचं सुगंधी तेलही शिंपडू नका.

घरातच राहणाऱ्या मांजराची नखं दोन-तीन आठवड्यांनी कापावीत. बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तो सोडून फक्त पारदर्शक टोक कापा. एका बैठकीत एखाद-दुसरंच नख झालं तरी चालेल. म्हाताऱ्या मांजराची नखं वळून तळव्यात रुततात, तिथे हयगय नको. ओरबाडणं एकाएकी वाढलं तर घरात काय बदललं ते पाहा. नवं मांजर, पाहुणे, दुरुस्तीचं काम, खिडकीबाहेर येऊन बसणारा बोका, यांपैकी काहीतरी सापडेल.

आणि नखं कायमची काढून टाकणारी शस्त्रक्रिया? तिच्यात नख एकटं निघत नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. ब्रिटनमध्ये तिला बंदी आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये ती बेकायदा ठरवली. आपल्याकडेही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला विच्छिन्न करणं हा गुन्हा आहे. असा सल्ला कोणीही दिला, अगदी डॉक्टरांनी दिला, तरी मांजराला उचला आणि घरी परत या.