अंगणास बहावा बरा कीं कळलावी?

शेतकऱ्याच्या घरापुढील अंगण पूर्वीं मळणीच्या, गुरें बांधण्याच्या आणि मुलांच्या खेळण्याच्या कामीं येत असे. आतां मळणी यंत्रानें शेतांतच उरकते, घरें सिमेंटचीं झालीं, आणि अंगणाचा जो तुकडा मोकळा राहिला त्यांत एखादें फुलझाड लावावें अशी हौस खेड्यापाड्यांतून दिसूं लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु दिसेल तें रोप आणून पुरावें आणि दहा वर्षांनीं हळहळत बसावें, यापेक्षां आधीं थोडा विचार केलेला बरा.

कनेरगाव नाका हा मराठवाडा व वऱ्हाड यांच्या शिवेवरचा गांव. याच्या एका अंगास हिंगोली, तर दुसऱ्या अंगास वाशीम. या टापूंतील शेतकरी बंधु दोन वनस्पतींविषयीं आम्हांस वारंवार विचारतात. एक बहावा, हा वृक्ष. दुसरी कळलावी, ही रानांत वर्षानुवर्षें त्याच जागीं फुटणारी वेल. दोन्ही आपल्या देशच्या, आणि दोहोंचीं फुलें नजर खिळविणारीं. परंतु ज्याच्या घरांत रांगतें मूल आहे व दारांत वासरूं बांधलेलें आहे, त्यानें नुसत्या फुलावर भुलून चालावयाचें नाहीं. म्हणून दोहोंचे गुणदोष येथें तोलून पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम बहावा घेऊं. संस्कृतांत यास आरग्वध व राजवृक्ष अशीं नांवें आहेत. झाड साधारणपणें तीस ते पन्नास फूट उंच होतें. चैत्र-वैशाखांत रान करपून गेलेलें असतांना याच्या फांद्यांवरून हात हात लांब पिवळ्या फुलांचे घोस लोंबूं लागतात. केरळांत विषूच्या सणास याच फुलांचा मान असून तें त्या राज्याचें फूल आहे. थायलंड देशानें तर त्यास राष्ट्रीय फूल मानिलें आहे. फुलांवर भुंग्यांची झुंबड उडते, आणि कोवळ्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपांखरांच्या अळ्या पोसतात. म्हणून चार पानें कुरतडलेलीं दिसलीं तर लगेच औषध फवारूं नये. झाड तेवढ्यानें मरत नाहीं. बहावा फुलल्यावर दीड-दोन महिन्यांनीं पाऊस येतो असें म्हातारीं माणसें सांगतात. तो अडाखा ऐकावा, परंतु पेरणी मात्र जमिनींतील ओल पाहूनच करावी.

फुलांमागून हात-दीड हात लांब, नळीसारख्या शेंगा धरतात व पिकल्यावर काळ्या पडतात. आंत प्रत्येक बीं निराळ्या खणांत असून त्यासभोंवार काळा चिकट गर असतो. आयुर्वेदांत हा गर सौम्य रेचक मानिला आहे. मुलांनीं तो पोटभर चाटल्यास जुलाब होतील, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें. याचा पाला गुरें-शेळ्या सहसा खात नाहींत, त्यामुळें रोप जगविण्याची यातायात कमी पडते.

आतां याचे दोष पाहूं. बहाव्यास सांवलीचें झाड म्हणतात, आणि तें खरेंही आहे. पण ती सांवली केव्हां मिळते हें पाहिलें पाहिजे. फाल्गुन-चैत्रांत याचीं पानें गळतात. फुलें येतात तीं बहुतेक उघड्या फांद्यांवर, आणि दाट पालवी त्यानंतर येते. म्हणजे ऐन उन्हाच्या तडाख्यांत झाड सुंदर दिसतें, पण खालीं सांवली विरळ असते. जेथें भर उन्हाळ्यांत खाट टाकावयाची किंवा बैल बांधावयाचे आहेत, तेथें चैत्रांतच नवी पालवी धरणारा कडुनिंब लावावा. ज्येष्ठापासून पुढें माघापर्यंत मात्र बहाव्याची सांवली चांगली मिळते. दुसरा दोष असा कीं, बियांपासून वाढविलेलें झाड फुलावर येण्यास बहुधा सहा-आठ वर्षें लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे, शेंगांचें झाड असलें तरी याच्या मुळांवर तुरी-हरभऱ्यासारख्या नत्राच्या गांठी धरत नाहींत. तेव्हां याच्या योगानें जमीन सुधारेल ही आशा व्यर्थ होय.

लागवड सोपी आहे. बियांचें कवच कठीण असल्यामुळें तें खरबरीत दगडावर एका बाजूनें घांसून, किंवा उकळून खालीं उतरविलेल्या पाण्यांत टाकून, बीं रात्रभर भिजत ठेवावें व मग पिशवींत लावावें. रोप हात-दीड हाताचें झालें म्हणजे पावसाच्या आरंभीं दोन फूट लांब, रुंद व खोल अशा खड्ड्यांत शेणखत घालून लावावें. भिंतीपासून पंधरा फूट तरी अंतर असावें. घराच्या पश्चिम बाजूस लावल्यास पावसाळ्यानंतरचें तिसऱ्या प्रहराचें ऊन भिंतीवर येत नाहीं.

कळलावीचें रूप अगदीं निराळें. शास्त्रांत तिला ग्लोरिओसा सुपर्बा म्हणतात. संस्कृतांत अग्निशिखा व लांगली. लांगल म्हणजे नांगर. जमिनींतील कंद नांगरासारखा वांकडा, दोन बाहूंचा असतो, म्हणून हें नांव पडलें. पाऊस लागला कीं कंदाच्या टोंकांतून कोंब निघतो. पानाचेंच टोंक दोऱ्यासारखें वळतें आणि कुंपणाच्या काटकीस विळखा घालून वेलीस वर चढवितें. श्रावण-भाद्रपदांत फुलें येतात. त्यांच्या सहा पाकळ्या मागें वळलेल्या व कडेनें नागमोडी असतात. त्या प्रथम हिरवट पिवळ्या, मग नारिंगी, आणि शेवटीं लाल होतात. हें तामिळनाडूचें राज्यफूल व झिंबाब्वेचें राष्ट्रीय फूल आहे. दिवाळीच्या सुमारास वेल वाळूं लागते आणि पुढील पावसापर्यंत कंद जमिनींत स्वस्थ पडून राहतो. उन्हाळ्यांत तिला पाणी लागत नाहीं, जागाही फार अडत नाहीं, आणि चांगला कंद लावल्यास पहिल्याच वर्षीं फूल दिसतें. सांवली मात्र तिच्यापासून मुळींच नाहीं.

आपल्या काळ्या भारी जमिनींत पाणी सांचून तिचा कंद सडतो; तिला मुरमाड, निचऱ्याची जागा पाहिजे. कंदाचा डोळा बाहूच्या अगदीं टोंकास असतो, आणि तें टोंक मोडलें तर कंद बहुधा फुटत नाहीं.

परंतु कळलावीची खरी गोष्ट पुढेंच आहे. तिच्या सर्वांगांत, विशेषेंकरून कंदांत व बियांत, कोल्चिसीन नांवाचें जालीम विष असतें. शास्त्रज्ञांच्या हातीं हेंच विष उपयोगी पडतें. अगदीं थोड्या मापानें तें सांधे सुजण्याच्या एका व्याधीवर देतात, आणि त्यासाठीं तामिळनाडूंत शेतकरी बियांकरितां या वेलीची शेती करितात. १९३७ साली अमेरिकेंतील संशोधकांनीं याच द्रव्यानें वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रें दुप्पट करून दाखविलीं. बिनबियांचें कलिंगड याच युक्तीनें निघालें. परंतु घरीं माप कोण करणार? हा कंद रताळ्यासारखा किंवा खाण्याच्या रानकंदासारखा दिसतो, आणि चुकीनें खाल्ल्यामुळें आपल्या देशांत व श्रीलंकेंत माणसें दगावलेलीं आहेत. विष लगेच कळून येत नाहीं. कांहीं तासांनीं घशांत व पोटांत जळजळ, ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात; जो वांचतो त्याचे केंस आठ-पंधरा दिवसांनीं गळूं लागतात. असा संशय येतांच घरगुती उतारे करीत बसूं नये; रोग्यास, आणि मिळाल्यास कंदाचा तुकडाही, ताबडतोब रुग्णालयांत न्यावा. आपला जिल्हा हळदीचा. घरोघरीं हळकुंडें व गड्डे पसरलेले असतात, तेथें कळलावीचा कंद चुकूनही आणून ठेवूं नये. बाळंतपणाच्या कळा याव्या म्हणून हा कंद वापरण्याची जुनी चाल होती, व नांवही त्यावरूनच पडलें असें म्हणतात. ती चाल प्राणघातक आहे. ही वेल घरांत असली तर भांडणें लागतात अशीही एक समजूत आहे. भांडणास वेल कारण नसते. परंतु त्या समजुतीनें पुष्कळ घरांतून विष दूर राहिलें, एवढा तिचा उपयोग झाला.

बांधाविषयीं दोन शब्द. आमचीं चाकरीचीं वर्षें महसुली दप्तरांत गेलीं, आणि एका झाडावरून दोन भावांची बोलाचाल बंद झालेली आम्हीं अनेकदां पाहिली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्याप्रमाणें आपल्या धारण जमिनींतील झाडावर धारकाचा हक्क असतो; तंटा उपजतो तो झाड नेमकें सामाईक बांधावर असलें म्हणजे. शिवाय वर्षांतील बहुतेक महिने सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानें सांवली उत्तरेकडे पडते. आपल्या शेताच्या उत्तर बांधावर लावलेला बहावा शेजाऱ्याच्या पिकावर सांवली धरील, आणि तो शेजारी तक्रार घेऊन येईल. म्हणून हा वृक्ष घराशीं, निर्विवाद आपल्या जागेंत लावावा. कळलावीची अशी तक्रार कोणी करीत नाहीं; कुंपणाच्या कांट्यांत ती आपली जागा आपण शोधते.

तेव्हां आमचें मत असें. अंगणासाठीं बहावा घ्यावा. तो उशिरां फुलतो आणि चैत्रांत सांवली देत नाहीं, पण त्याच्या दोषांनीं कोणाचा जीव जात नाहीं. कळलावी अंगणांत आणूं नये. ती माळावर, ओढ्याकांठीं किंवा कुंपणांत जेथें आपोआप आली असेल तेथेंच राहूं द्यावी. औषधासाठीं व विक्रीसाठीं कंद खणून नेल्यामुळें ही वेल रानांतून कमी होत चालली आहे. कंद गेला म्हणजे त्या जागचें झाड गेलें. बांध साफ करितांना तिच्यावर कुदळ घालूं नये, आणि गुरें चरावयास सोडण्यापूर्वीं ती कोठें आहे तें गुराख्यास दाखवून ठेवावें.

बहाव्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडीं पिकतात. त्या वेळीं बीं जमवून ठेवावें, रोप करावें, आणि आलेल्या पावसांत तें लावावें. आज जें मूल अंगणांत रांगत आहे तें शाळेंत जाऊं लागेल तेव्हां पहिले घोस दिसतील. तोंवर तें समजत्या वयाचें झालेलें असेल; मग एखाद्या श्रावणांत त्याला शेताच्या कुंपणाशीं न्यावें आणि कळलावीचें फूल दाखवून तिचें नांव व तिचें विष हीं दोन्ही सांगून ठेवावीं.