मीठ कमी, असं दिवा सांगतो तेव्हा

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तिथल्या आमच्या बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावाची सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात तलावाच्या खोलीच्या जवळजवळ तिप्पट पाणी वरून पडतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. पंप पाणी ढवळत राहिला, तर जूनमध्ये लिटरमागे साडेतीन ग्रॅम असलेलं मीठ सप्टेंबरअखेर पाव ग्रॅमच्याही खाली येतं. मिठावर चालणाऱ्या आमच्या क्लोरिनेटरच्या वर्षभराच्या तक्रारी मला समजू लागल्या त्या हा हिशेब मांडल्यावर.

यंत्र तसं सरळ आहे. पंपाच्या पाइपात एक सेल, सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या. वीज सोडली की खाऱ्या पाण्यातून एका पट्टीवर क्लोरीन सुटतो, दुसरीवर हायड्रोजन. हे विल्यम क्रुकशँक यांनी १८०० सालीच पाहिलं होतं. पण क्लोरीनपुढे धातूची पट्टी टिकवणं अवघड होतं. हेन्री बीर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर चढवला, त्याचं पेटंट १९६५ चं. आज घरोघरच्या सेलमध्ये त्याच जातीचा थर असतो. तो जाडीला काही मायक्रॉनच. सेलची सगळी किंमत त्या थराची, आणि तो गेला की सेल संपला.

ऑक्टोबरात ‘मीठ कमी’चा दिवा लागला, तेव्हा तो खरं बोलत होता. तलावात ५६ हजार लिटर पाणी. हजार पीपीएम, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम, वाढवायला ५६ किलो मीठ लागतं, त्यामुळे गोण्या बऱ्याच लागल्या. मिठागरातलं जाडं मीठ स्वस्त पडतं, पण त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माती पुढे त्रास देतात. शुद्ध, आयोडीन नसलेलंच घ्यावं. मीठ पुरतं विरघळेपर्यंत सेल बंद ठेवून नुसता पंप चालवला. दिवा विझला, तरी आठवड्याभरात पाणी हिरवट झालंच. पावसाने मिठाबरोबर सायन्युरिक आम्लही धुऊन नेलं होतं. क्लोरीनला उन्हापासून वाचवतं ते हेच. ते नसेल तर कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन नाहीसा होतो. यंत्र दिवसभर राबत होतं आणि ऑक्टोबरचं ऊन सगळं खात होतं. संध्याकाळी आणि पहाटे क्लोरीन मोजला, तर रात्री तो फारसा उतरत नव्हता. दिवसा मात्र तळ गाठत होता. सायन्युरिक आम्ल पन्नास पीपीएमच्या वर नेलं आणि पाणी निवळलं.

मार्चमध्ये दिवा पुन्हा लागला. देखभालीला आलेल्या तंत्रज्ञाने गोण्याच सांगितल्या. ‘‘दिवा लागला की मीठ टाकायचं, साहेब. दुसरं काही नसतं.’’ मी त्यांना थांबवून चाचणीच्या कागदी पट्टीने पाणी तपासलं. मीठ ३४०० पीपीएम, अगदी हवं तेवढं. ते उन्हाने उडत नाही आणि क्लोरीन बनवण्यात संपतही नाही. क्लोरीनचं काम झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं. ते जातं फक्त पाण्याबरोबर: पावसात, बॅकवॉशमध्ये, गळतीतून. मग मार्चमध्ये ते जाईल कुठे?

बरीच यंत्रं मीठ थेट मोजत नाहीत. ती पट्ट्यांमधून किती करंट जातो ते पाहतात आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधतात. करंट कमी होण्याला मीठ हे एक कारण. थंड पाणी, सैल वायर, पट्ट्यांवरचे क्षार, झिजलेला थर ही बाकीची. सेल उघडला, तर पट्ट्यांमध्ये पांढरे खडे. उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भरपाई आम्ही बोअरच्या पाण्याने करतो आणि बेसॉल्टमधलं ते पाणी जड असतं. वाफ एकटीच जाते, कॅल्शियम मागे उरतं. त्यात हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पीएच वर सरकतो आणि क्षार ऋण पट्टीवर बसतात.

ते क्षार काढायला सेल धुतला: एक भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, चार भाग पाणी. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. फसफस थांबली की सेल लगेच बाहेर. तंत्रज्ञ तारेचा ब्रश घेऊनच आले होते, तो मी लावू दिला नाही. अ‍ॅसिडनेही रुथेनियमचा थर थोडा झिजतोच, म्हणून ही धुलाई गरज असेल तेव्हाच करावी. पीएच ७.८ च्या वर जाऊ दिला नाही, तर गरज क्वचितच पडते.

मेमध्ये तिसऱ्यांदा दिवा लागला. मीठ ठीक, पट्ट्या स्वच्छ, पाणी कोमट, जोडण्या घट्ट. आता एकच कारण उरलं होतं. सेलने आपले हजारो तास भरले होते. नवा बसवला आणि त्याच पाण्यात करंट पूर्ववत झाला. मार्चमध्ये गोण्या ओतल्या असत्या, तर पाणी खारट झालं असतं आणि जुना सेल तरीही वाचला नसता.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही यंत्र बंद केलं. चार महिने द्रवरूप क्लोरीन मोजून घालतो. पावसात घातलेलं मीठ नाल्यातून इंद्रायणीकडे जातं, आणि आमच्यासारखे तलाव या डोंगरावर पुष्कळ आहेत. गोण्या आता दसऱ्यानंतर, पाणी तपासल्यावर.